गाव 'मरून्ड' झालं म्हणजे नक्की काय झालं?

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगलेल्या, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, आणि आमची मावशी शिरोळ तालुक्यात तिच्या घराच्या स्लॅबवर. फोन लागला तर लागला. इकडे आमच्या हॉलमध्ये टीव्हीवर इंग्रजी चॅनेल चालू, खाली पट्टी फिरतेय, आणि माझा भाचा, तेव्हा सहावीत, इंग्लिश मिडियमचा, त्याने मोठ्याने वाचलं, "व्हिलेजेस मरून्ड." नेमका तेव्हाच फोन लागला होता आणि स्पीकरवर होता. मावशीला अर्धंच ऐकू गेलं. "कोण मरून गेलं रं?" ती तिकडून ओरडली. पुढची पाच मिनिटं तिला हे सांगण्यात गेली की कुणी मेलेलं नाही, गाव मरून झालंय, म्हणजे मरून नाही, मरून. तिची बॅटरी चार टक्के होती.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. दर पावसाळ्यात तो येतो, आज चिखली-आंबेवाडी, उद्या आसाम, परवा बिहार, आणि आपण तो वाचून पुढे जातो. आणि ज्याला मुळात इंग्रजीचा सराव कमी त्याला वाटतं हा साडीच्या रंगाचाच काहीतरी प्रकार असणार. तर हा शब्द आला कुठून ते बघू, कारण त्याची गोष्ट एका डिक्शनरीतल्या ओळीत मावणारी नाही, त्यात गुरं आहेत, गुलाम आहेत, चाचे आहेत आणि थोडे आपणही आहोत.

आधी साधा अर्थ

मरून्ड म्हणजे अशा जागी सोडला गेलेला किंवा सापडलेला माणूस, जिथून त्याला स्वतःच्या बळावर बाहेर पडता येत नाही. मूळ चित्र समुद्राचं आहे, ओसाड बेट किंवा निर्मनुष्य किनारा, आणि ज्या जहाजातून आलो ते लांब जाताना दिसतंय. खंबाटकी घाटात तीन तास ट्रॅफिकमध्ये असाल तर तुम्ही अडकलात. मरून्ड नाही. तिथे निदान पुढच्या गाडीवाल्याशी भांडता तरी येतं. मरून्डमध्ये दोन गोष्टी एकदम लागतात, चहूबाजूंनी तोडलेपण आणि सोबत कुणी नसणं किंवा नेणारं कुणी नसणं.

याचा एक चुलतभाऊ आहे, स्ट्रँडेड. तो आपल्याला जास्त ओळखीचा, एअरपोर्टवर फ्लाईट कॅन्सल झाली की लोक स्ट्रँडेड होतात. स्ट्रँड म्हणजे जुन्या इंग्रजीत चक्क किनारा. लंडनमधला स्ट्रँड हा रस्ता थेम्सच्या काठाचा, कोलकात्याचा स्ट्रँड रोड हुगळीच्या काठाने जातो, आणि आपल्या कुलाब्यातही समुद्राकडेच्या रस्त्याला पूर्वी स्ट्रँड रोडच म्हणायचे. स्ट्रँडेड म्हणजे मुळात किनाऱ्याला लागलेलं जहाज.

आता मराठी माणूस म्हणेल, किनाऱ्याला लागलं म्हणजे चांगलंच झालं की! आपल्याकडे नाव किनाऱ्याला लागली म्हणजे सुटलो, काम तडीस गेलं म्हणजे संपलं, आणि तड म्हणजे पण काठच. पैलतीर तर थेट मोक्षापर्यंत जातो. आपली भाषा बहुतेक होडीत बसलेल्या प्रवाशाची आहे, ज्याला नदी पार करायचीय. स्ट्रँडेड हा शब्द मात्र जहाजाच्या कॅप्टनचा. त्याला खोल पाणी म्हणजे घर आणि किनारा म्हणजे संकट, कारण मोठ्या जहाजाचं बूड एकदा वाळूत बसलं की भरती येऊनसुद्धा ते हलेलच असं नाही. ज्यांनी गोव्यात कांदोळीला 'रिव्हर प्रिन्सेस' बघितलीय त्यांना हे सांगायला नको. जून २००० मध्ये ते जहाज पावसाळी समुद्रात वाहत येऊन वाळूत रुतलं आणि २०१२ पर्यंत तिथेच होतं, बारा वर्षं, टुरिस्ट त्याच्यासमोर फोटो काढून जायचे. रत्नागिरीकरांना मिऱ्यावरचं 'बसरा स्टार' माहितीय, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात लागलेलं. ही दोन्ही जहाजं नीट किनाऱ्याला लागली होती, आणि त्यातच ती संपली.

तर स्ट्रँडेड जहाजावरून आला. मरून्ड कशावरून आला? गुरांवरून.

मोकाट

१४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्यांदा निघाला तेव्हा त्याच्या जहाजांवर घोडे, गुरं, डुकरं असा सगळा गोठा होता. उतरला तो हिस्पॅनियोला बेटावर, जिथे आज हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक आहेत. तिथे या जनावरांना खाणारा मोठा प्राणी नव्हता, चारा मुबलक, आणि डोंगर जवळ. त्यामुळे जे दावं तोडून पळालं ते परत आलंच नाही, तिकडेच वाढलं, पिल्लं झाली, ती पिल्लं तर माणसाला ओळखेनातच. स्पॅनिश लोकांनी अशा जनावराला म्हटलं सिमारॉन.

सिमारॉनला मराठीत शब्द शोधायला डिक्शनरी लागत नाही. मोकाट. नगरपालिकेच्या 'मोकाट जनावरांचा बंदोबस्त करा' या बातमीतला मोकाट. आणि मोकाट या शब्दात एक गंमत बघा, जनावर मोकळं आहे ही त्याची तक्रार नाहीये, ती आपली तक्रार आहे. रानातल्या हरणाला कुणी मोकाट म्हणत नाही कारण ते कधी कुणाचं नव्हतंच. मोकाट व्हायला आधी कुणाच्या तरी दावणीला असावं लागतं. सिमारॉनचंही तसंच, शब्द मालकाच्या तोंडचा आहे.

हा शब्द स्पॅनिशमध्ये कुठून आला यावर मात्र मतं आहेत. जुनं स्पष्टीकरण असं की 'सिमा' म्हणजे डोंगरमाथा, माथ्यावर पळून गेलेला तो सिमारॉन. ऐकायला एकदम फिट्ट बसतं. होसे हुआन आरॉम नावाच्या क्यूबन अभ्यासकाने वेगळं मांडलं, की हा शब्द त्या बेटावरच्या मूळ ताइनो लोकांच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ धनुष्यातून सुटलेला बाण, हातातून गेलेला, आता परत न येणारा. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं. नवीन मुलुखात नवीन गोष्ट दिसली की माणूस तिथल्याच माणसाचा शब्द उचलतो, हॅमॉक, हरिकेन, टोबॅको हे शब्द युरोपियनांनी असेच त्याच भागातून उचलले.

मग तोच शब्द माणसांना लागला

गुरांनंतर माणसं पळायला लागली. आधी ताइनो, ज्यांना खाणीत जुंपलं होतं, आणि मग आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १५०३ च्या सुमाराला म्हणजे अगदी सुरुवातीलाच बेटाचा गव्हर्नर ओवांदो स्पेनला कळवतोय की आफ्रिकन गुलाम पाठवू नका, ते पळून बेटावरच्या मूळ लोकांना मिळतात आणि सापडत नाहीत. स्पॅनिश लोकांनी या पळालेल्यांसाठी नवीन शब्द शोधायची तसदी घेतली नाही. गाय पळाली तर सिमारॉन, माणूस पळाला तरी सिमारॉन. त्यांच्या हिशेबात दोन्ही मालमत्ताच ना.

फ्रेंचांनी पुढे याचा मारॉन केला, इंग्रजांनी मरून. त्याआधी इंग्रजांची या लोकांशी गाठ पडली ती पनामात, आणि तीही दोस्त म्हणून. फ्रान्सिस ड्रेक १५७२-७३ मध्ये तिथे स्पॅनिश खजिना लुटायला गेला, पहिला प्रयत्न फसला, आणि मग तिथल्या सिमारॉन लोकांनी त्याला जंगलातून वाट दाखवली. त्यांनीच त्याला एका उंच झाडावर चढवून पलीकडचा पॅसिफिक समुद्र दाखवला, आणि त्यांच्याच मदतीने त्याने सोन्याचांदीने लादलेला खेचरांचा तांडा लुटला. शाळेत ड्रेकचं नाव येतं, वाट दाखवणाऱ्यांचं येत नाही, असो.

या पळून गेलेल्या लोकांनी नुसतं लपून दिवस काढले असं समजू नका. त्यांनी गावं वसवली, शेती केली, फौजा हरवल्या. सगळ्यात गाजलेले जमैकाचे. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पेनकडून घेतलं, त्या गोंधळात बरेच गुलाम डोंगरात गेले, मागून मळ्यातले आणखी पळून त्यांना मिळत गेले. तिकडचा डोंगर म्हणजे चुनखडीचा, खड्ड्यांनी भरलेला, वर दाट झाडी. लाल डगल्यातले इंग्रज शिपाई त्यात शिरले की कुठून गोळी आली ते कळायचं नाही. आपल्याला हे सांगायला नको, सह्याद्रीत वेगळं काय झालं होतं? शेवटी १७३९ मध्ये इंग्रजांना कुजो नावाच्या त्यांच्या म्होरक्याशी तह करावा लागला. जगातल्या सगळ्यात दणकट आरमाराच्या मालकाने पळालेल्या गुलामांशी कागद केला! पूर्वेकडच्या मरूनांची पुढारी नॅनी, ती आज जमैकाची राष्ट्रीय वीर आहे, सात जणांत एकटी बाई, आणि तिथल्या नोटेवर तिचं चित्र आहे.

पण तह वाचला की तोंड जरा कडू होतं. त्यात अट होती की यापुढे जे गुलाम पळून येतील त्यांना मरूनांनी पकडून परत द्यायचं. म्हणजे मोकाट सुटलेल्यांनी पुढच्या मोकाटांना दावणीला बांधायचं. काहींनी ते केलं. स्वतःचं गाव वाचवायला माणूस काय काय करतो हे त्या तहात दिसतं, आणि नुसत्या वीरकथेत ते बसत नाही म्हणून लोक ते गाळतात.

पुढे १७९५ ला ट्रेलॉनी गावच्या मरूनांनी परत उठाव केला तेव्हा त्यांना शरण यायला लावून १७९६ मध्ये थेट कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला नेऊन टाकलं. जमैकाच्या उन्हातली माणसं, एकदम बर्फात. १८०० मध्ये तिथून उचलून आफ्रिकेत सिएरा लिओनला. मरूनांनाच मरून केलं, दोनदा.

यात आपला काय संबंध?

आहे थोडा. गोव्यात पोर्तुगीजांनीही आफ्रिकेतून गुलाम आणले होते, मोझांबिककडून बरेच. त्यातले काही पळाले आणि घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलात गेले, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड हा भाग. तिथल्या आजच्या सिद्दी लोकांच्या पूर्वजांत हे पळून आलेले होते असं इतिहासकार सांगतात. ते घरात कोंकणीच्या अंगाने जाणारी बोली बोलतात, जी त्यांनी गोव्यातून सोबत नेली. त्यांना कुणी मरून म्हटलं नाही कारण तो शब्द त्या बाजूच्या समुद्रातला, पण गोष्ट तीच, मालक किनाऱ्यावर आणि माणूस रानात. आपण मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी शिकतो, सत्तेला पोचलेले. रानात गेलेल्यांचं पुस्तकात एक वाक्य नसतं.

पण मोकळ्याचा अडकलेला कसा झाला?

हा खरा प्रश्न. सिमारॉन म्हणजे सुटलेला, मरून्ड म्हणजे अडकलेला. शब्दाने कोलांटी उडी मारली कुठे?

मधली पायरी विल्यम डॅम्पिअरच्या लिखाणात सापडते. हा इंग्रज खलाशी, अर्धा चाचा, अर्धा निसर्ग अभ्यासक, एकदम भारी माणूस. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कँपेचीला लाकूडतोड्यांसोबत असताना शिकारीला गेला आणि जंगलात चुकला, सोबत्यांच्या बंदुकांचे आवाजसुद्धा ऐकू येईनात. १६९९ मध्ये छापलेल्या हकिकतीत तो म्हणतो की मी मरून्ड झालो, आणि पुढे लिहितो की आम्ही याला असं म्हणतो, बहुधा स्पॅनिश लोकांकडून घेतलं असावं.

बघा, इथे ना बेट आहे ना शिक्षा. नुसता रानात एकटा पडलेला माणूस. म्हणजे खलाश्यांच्या डोक्यात मरून म्हणजे वस्तीपासून तुटून रानात राहणारा, आणि मरून्ड म्हणजे आपली तशी गत होणं. एकच अवस्था, फक्त बघणारा बदलला. ज्याला मळ्यातून सुटायचंय त्याला रान म्हणजे सुटका. ज्याला जहाजावर परत जायचंय त्याला तेच रान म्हणजे मरण. एसटी चुकलेल्या माणसाला जो डोंगर भयाण वाटतो त्याच डोंगरावर आपण वीकेंडला तंबू लावायला पैसे भरून जातो, तसंच काहीसं. आणि हे मी उगाच म्हणत नाहीये, अमेरिकेच्या दक्षिण भागात अठराव्या शतकात मरूनिंग म्हणजे चक्क रानात मुक्काम करून चारसहा दिवस मजा करायची सहल! एकाच शब्दात सुटका, शिक्षा आणि पिकनिक.

चाच्यांची शिक्षा

यानंतर हा शब्द चाच्यांनी उचलला आणि क्रियापद केलं, एखाद्याला मरून करणे. सिनेमात चाचे माणसाला फळीवरून चालायला लावून समुद्रात ढकलतात, ते बरंचसं गोष्टींमधलं. बेटावर सोडणं मात्र खरोखर नियमात लिहिलेलं असायचं. हो, चाच्यांच्या जहाजावर नियमावली असायची आणि सगळे त्यावर सही करायचे, आपल्या सोसायटीच्या बायलॉजसारखी, फक्त पाळली जायची. जॉन फिलिप्स नावाच्या चाच्याच्या जहाजावर, १७२३-२४ चा काळ, नियम होता की जो पळून जायचा प्रयत्न करेल किंवा काही लपवून ठेवेल त्याला मरून करायचं, सोबत एक बाटली दारूगोळ्याची पूड, एक बाटली पाणी, एक छोटं हत्यार आणि गोळ्या. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर तर लुटीच्या वाटणीत एका डॉलरचा जरी घोळ केला तरी हीच शिक्षा.

ती एक बाटली पाणी डोळ्यासमोर आणा. कडक उन्हात, वाळूच्या टेकाडावर, एक दिवस पुरेल. मारायचं पण नाही आणि जगवायचं पण नाही, आपल्या हाताला रक्त नको. पिस्तूल कशासाठी हे कुणी नियमात लिहिलं नव्हतं, लिहायची गरज नव्हती.

यातली एक गोष्ट मुंबईपर्यंत येते. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं 'कॅसँड्रा' जहाज मुंबईला यायला निघालं होतं, कॅप्टन जेम्स मॅक्रे. मादागास्करजवळच्या जोहाना बेटापाशी एडवर्ड इंग्लंड नावाच्या चाच्याने ते पकडलं. मॅक्रे भरपूर लढला, चाच्यांची बरीच माणसं मेली, त्यामुळे त्यांना त्याचा जीव हवा होता, पण इंग्लंडने त्याला एक मोडकं जहाज देऊन सोडून दिलं. मॅक्रे धडपडत मुंबईला पोचला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. आणि इंग्लंड? त्याच्याच लोकांना त्याची दया आवडली नाही, त्यांनी त्याची कप्तानी काढून घेतली आणि त्याला काही साथीदारांसकट मॉरिशसला उतरवून दिलं. मॉरिशसला! आज लोक हनिमूनला जातात. तेव्हा तिथे कुणीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्यांनी मिळेल त्यातून होडी बांधली आणि मादागास्कर गाठलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी कंपनीचं आरमार विजयदुर्गावर कान्होजी आंग्र्यांवर चालून गेलं होतं आणि हात हलवत परत आलं होतं. या पाण्यात तेव्हा कंपनीचं नशीब काही धड नव्हतं.

म्हणजे रॉबिन्सन क्रूसो सारखं?

हे हमखास विचारलं जातं, आणि उत्तर आहे, नाही. क्रूसोचं जहाज फुटतं, त्याला कुणी सोडलेलं नाही. जहाज फुटून वाहत आलेल्याला इंग्रजीत कास्टअवे म्हणतात. मरून होण्यात कुणीतरी सोडणारा लागतो.

पण ज्याच्यावरून ती कादंबरी सुचली असं मानतात तो अलेक्झांडर सेलकर्क मात्र मरून्ड होता, आणि तोही स्वतःच्या तोंडाने. १७०४ मध्ये चिलीपासून साडेसहाशे किलोमीटरहून लांब एका बेटावर त्याचं आणि कॅप्टनचं वाजलं. हा म्हणाला जहाज गळकं आहे, नीट केल्याशिवाय मी येत नाही, मला इथेच सोडा. कॅप्टन म्हणाला बरं. सामान वाळूवर आल्यावर सेलकर्कचा धीर सुटला, घ्या म्हणाला परत, पण कॅप्टन निघाला होता. नोकरीत रागाच्या भरात राजीनामा मेल करून मग 'रिकॉल' दाबणाऱ्या सगळ्यांनी या माणसाचा फोटो लावावा. तरी त्याचं म्हणणं खरं निघालं, ते जहाज पुढे बुडालंच.

चार वर्षं चार महिने तो एकटा राहिला. स्पॅनिश लोकांनी पूर्वी सोडलेल्या शेळ्या तिथे रानटी होऊन वाढल्या होत्या, म्हणजे मूळ अर्थाने सिमारॉन, आणि हा मरून्ड माणूस अनवाणी पळत त्या पकडायचा. रात्री उंदीर पाय कुरतडायचे म्हणून त्याने मांजरं माणसाळवली. फेब्रुवारी १७०९ मध्ये इंग्रज जहाज आलं तेव्हा बोलायची सवय गेल्याने तो शब्द अर्धे अर्धेच बोलत होता. आणि त्या जहाजावर वाटाड्या कोण होता? तोच डॅम्पिअर, कँपेचीच्या जंगलात चुकलेला.

सेलकर्कच्या आधी याच बेटावर विल नावाचा, मध्य अमेरिकेतल्या मिस्किटो जमातीचा एक माणूस राहिला होता. १६८१ मध्ये तो शेळ्या मारायला गेला असताना स्पॅनिश जहाजं दिसली म्हणून इंग्रज त्याला टाकून पळाले, १६८४ मध्ये परत आले तेव्हा तो जिवंत होता, बंदुकीच्या नळीचे तुकडे तापवून, ठोकून त्याने गळ आणि भाले केले होते. त्या बेटाला चिलीने १९६६ मध्ये रॉबिन्सन क्रूसोचं नाव दिलं. जो तिथे कधीच नव्हता, आणि मुळात कुठेच नव्हता, त्याचं.

आणि साडीचा मरून?

त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. रंगाचा मरून फ्रेंच मारॉनवरून आला, पण तो मारॉन वेगळा, त्याचा अर्थ चेस्टनट, ते तपकिरी फळ जे थंड देशात रस्त्यावर भाजून विकतात. उच्चार एकच झाला म्हणून दोन वेगळी घराणी एका नावाखाली आली, आपल्याकडे दोन वेगळ्या गावचे पाटील असतात तशी. मजा अशी की फ्रेंचांचा मारॉन रंग आजही तपकिरीच आहे, इंग्रजीत येऊन तो लालसर झाला आणि आपल्या दुकानात आल्यावर 'ताई हा मरून घ्या, वाईन नको' इथपर्यंत पोचला.

या चेस्टनटवाल्या घराण्यात अजून एक मरून आहे. भाजताना चेस्टनट फाटकन फुटतं, त्यावरून मोठा आवाज करणाऱ्या दारूकामाच्या बाराला पण मरून म्हणायला लागले. आणि ब्रिटनमध्ये समुद्रात कुणी संकटात असलं की लाईफबोटवाल्यांना बोलवायला किनाऱ्यावरून हेच बार उडवायचे. म्हणजे मरून्ड माणसाला सोडवायला मरून उडवायचे, आणि दोन शब्दांचं नातं शून्य.

मराठीत याला शब्द नाही का?

एकच असा नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुरासाठी 'गावाला पाण्याचा वेढा', 'गावाचा संपर्क तुटला' हे आपले रिपोर्टर वर्षानुवर्षं लिहितायत आणि ते मरून्डपेक्षा जास्त स्पष्ट आहे. वेढा म्हटलं की पन्हाळा आठवतो, बाहेर शत्रू आणि आत माणसं, हे चित्र आपलं आहे. जहाजासाठी 'रुतलं' आहे.

शिक्षेच्या अर्थाने जवळ जातो तो तडीपार. मगाशी म्हटलं तसं तड म्हणजे काठ, तडीपार म्हणजे काठाच्या पलीकडे. पोलीस कायद्याखाली गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं, तो हाच. फरक एवढा की तडीपार झालेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन वाढदिवसाचे बॅनर लावू शकतो, मरून केलेला नाही.

आणि नुसतं टाकून दिलं या अर्थाने आपण काय म्हणतो? वाऱ्यावर सोडलं. इंग्रज माणसाला टाकताना जमिनीवर टाकतो, आपण वाऱ्यावर. माझ्या मते मरून्डच्या पोटातली भावना यात पूर्ण येते, कारण यातही सोडणारा कुणीतरी आहे.

मग बातमीत हा शब्द चुकीचा आहे का? आणि ज्यांचा तो आहे त्यांना राग येत नाही?

चुकीचा नाही. शब्द वापराने चालतो, जन्मदाखल्याने नाही. पुरात कुणी मुद्दाम सोडलेलं नसतं हा आक्षेप बरोबर आहे, पण स्लॅबवर चार दिवस बसलेल्याला विचारा, तो नक्की सांगेल कुणी सोडलं ते, नावानिशी.

आणि मरून लोक स्वतः तो शब्द अभिमानाने लावतात. जमैकातल्या अकाँपाँग गावात दर ६ जानेवारीला तहाचा आणि कुजोचा उत्सव होतो, सुरिनाममध्ये मरून लोकांचे मोठे समाज आहेत. गुरांचं नाव मिळालं होतं, त्यांनी ते ठेवून घेतलं.

आजच्या काळात कोण होतं मरून्ड?

खलाशीच. फक्त आता बेटावर नाही, जहाजावर. मालकाचे पैसे संपले की तो पगार थांबवतो, मग डिझेल, मग जेवण, मग फोन उचलणं. आंतरराष्ट्रीय कायद्यात याची सरळ व्याख्या आहे, दोन महिने पगार नाही आणि मालकाने संबंध तोडलेत, किंवा घरी पाठवायचा खर्च देत नाही, किंवा खायलाप्यायला देत नाही, की खलाशी सोडून दिलेला धरायचा. २०१७ पासून अशा वेळेसाठी जहाजाला विमा ठेवणं बंधनकारक आहे, सगळे ठेवतात असं नाही.

'एमटी इबा' नावाचा टँकर यूएईच्या समुद्रात असाच सोडलेला. शेवटी जहाजावर पाच माणसं उरली होती, त्यात भारतीय पण, काहींना तिथे तीन वर्षांच्या वर झालेली. जानेवारी २०२१ मध्ये वादळात नांगर सुटून जहाज थेट उम्म अल क्वैनच्या बीचला लागलं. समोर वाळू, वाळूवर फिरायला आलेली माणसं, मागे हॉटेलं. आणि तरी ही पाच माणसं लगेच उतरून गेली नाहीत, कारण जहाज सोडलं की थकलेल्या पगारावरचा हक्क जाईल ही भीती. जहाज स्ट्रँडेड आणि आतली माणसं मरून्ड, दोन्ही शब्द एका फोटोत. कोकणातली कितीतरी पोरं बोटीवर असतात, त्यांच्या घरी 'बोट कुठे लागलीय' हा प्रश्न साधा नसतो.

मावशीकडे यायचं राहिलं. चौथ्या दिवशी तिला बोटीतून काढलं. त्याआधी, पाणी गोठ्यात शिरलं त्या रात्री काकांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून कोयत्याने दावी कापली होती, दोन म्हशी आणि एक रेडकू. बांधलेलं जनावर पुरात जागेवर बुडतं, सोडलं तर पोहून कुठेतरी लागतं. माणसं स्लॅबवर अडकून आणि म्हसरं मोकळी. रेडकू सापडलं नाही. एक म्हैस तिसऱ्या आठवड्यात दोन गावं सोडून एका माळावर मिळाली, गळ्यात कापलेल्या दाव्याचा तुकडा तसाच. आणायला गेलेल्या काकांना ती जवळ येऊ देईना, शिंगं रोखून उभी. शेवटी मावशी स्वतः गेली टेम्पोत बसून. "माझ्याकडं बी बघंना की रं," ती मला फोनवर सांगत होती, "लांबनंच फुसफुस करत हुती. दोन घमेली पेंड खाल्ली तवा कुठं हात लावू दिला."